बारा सिंह, एक बाबागाडी आणि साडेदहाची वेळ

प्रकरण एका सकाळचं आहे. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, दहा वाजून सत्तावन्न मिनिटांनी, आम्ही पाच जण स्पेनमधल्या ग्रानादा शहरात, अलांब्रा या टेकडीवरच्या जुन्या गडातल्या, नासरी सुलतानांच्या राजवाड्यांच्या दाराशी धापा टाकत पोहोचलो. तिकिटावरची वेळ साडेदहाची, आणि त्यानंतर आत सोडतात ते अर्धा तासच. म्हणजे हातात तीन मिनिटं होती. तरी आत तिघेच गेले. धाकटा बाबागाडीत गाढ झोपला होता, राजवाड्यांत बाबागाडी चालत नाही, आणि झोपलेलं तीन वर्षांचं पोर खांद्यावर टाकून त्या गर्दीत शिरायची माझ्यात ताकद उरली नव्हती. ज्या जागेसाठी दोन महिने आधी तिकिटं काढली, ती एका दारापलीकडे होती आणि मी अलीकडे बाकावर बसून केळं खात होते.

दोष आमचाच. राजवाड्याचा नाही, दारावरच्या माणसाचा तर नाहीच. पण हे कसं घडलं ते नीट उलगडून सांगितलं तर लहान मुलं घेऊन अशा जुन्या शहरात जाणाऱ्यांच्या कामी येईल.

माणसं आणि बेत

आम्ही नेदरलँड्सला राहतो. थोरली सव्वासहा वर्षांची, धाकट्याला नुकतीच तीन पूर्ण झालेली. ऑक्टोबरात इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्यात माझी आई आली होती, सांगोल्याहून. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, खाणं शाकाहारी, आणि निम्मं आयुष्य डाळिंबाच्या बागेत गेलेलं. ग्रानादा निवडलं ते तिच्यामुळेच. स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. शहराचं अरबी नाव घर्नाता. स्पॅनिश जिभेवर ते फळाच्या नावाशी जुळलं आणि शहराने डाळिंब हे आपलं चिन्हच करून टाकलं. (हातबाँबलाही त्या भाषेत हाच शब्द आहे. आपण ज्याला ग्रेनेड म्हणतो तो याच फळाच्या कुळातला.) सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले होते. "डाळिंबाच्या नावाचं गाव हाय" एवढं कळल्यावर ती म्हणाली, "मग बघू की. नाहीतर तुमची ती चर्चं बघून बघून मान मोडली माझी."

बुधवारी दुपारी पोहोचायचं, रविवारी निघायचं. नवऱ्याने बेत आखला तो त्याच्या ऑफिसच्या सवयीने, तासातासाचे चौकोन करून. शुक्रवारचे चौकोन असे होते: नऊ वाजता हेनेरालीफेच्या बागा, साडेदहाला नासरी राजवाडे, बाराला जुना किल्ला म्हणजे आल्काझाबा, एक वाजता जेवण. कागदावर बेत निर्दोष होता. दोन मोठ्या माणसांचा असता तर जमिनीवरही पार पडला असता.

पहिली चूक बुधवारीच झाली होती

राहायला घर घेतलं ते अल्बाइसीनमध्ये. अलांब्राच्या समोरच्या टेकडीवरची ही मूर लोकांची, म्हणजे इथल्या जुन्या मुसलमानांची वस्ती. पांढरी घरं, उंच भिंतीआड बागा, आणि गल्ल्या अशा की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. अलांब्रा १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, अल्बाइसीन १९९४ मध्ये. घराच्या गच्चीवरून समोर अलांब्रा दिसतो, या एका फोटोला आम्ही भुललो.

फोटोत रस्ता नव्हता. टॅक्सीवाल्याने एका छोट्या चौकात उतरवलं आणि पुढे गाडी जात नाही असं हातानेच सांगितलं. इथल्या गल्ल्यांची फरसबंदी नदीतल्या गोट्यांची असते: काळे-पांढरे वाटोळे दगड उभे रोवून काढलेली नक्षी. बघायला रांगोळी. बाबागाडीची चाकं मात्र प्रत्येक गोट्यावर चढतात आणि दोन गोट्यांच्या फटीत अडकतात. दोनशे मीटरला पंचवीस मिनिटं लागली. शेवटी नवऱ्याने गाडी पोरासकट उचलली, मी बॅगा ओढल्या आणि आई भिंतीला धरून एकेक पायरी चढली. गच्चीवर पोहोचल्यावर अलांब्रा खरंच दिसला, संध्याकाळच्या उन्हात लालसर. आई म्हणाली, "छान हाय. उद्या परत खाली उतरायचं का?"

पुन्हा गेलो तर खाली राहू, प्लाझा नुएव्हाच्या आसपास, सपाटीला. वर यायला छोट्या लाल बस आहेत. सी-३१ अल्बाइसीनच्या गल्ल्यांतून अशी वळते की प्रवासी आपोआप श्वास आत ओढतात. सी-३० अलांब्राकडे जाते. धाकट्याला राजवाड्यापेक्षा सी-३१ जास्त आवडली, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

भुकेचं घड्याळ

त्याच संध्याकाळी पावणेसातला दोन्ही मुलांना भूक लागली आणि गावातलं एकही स्वयंपाकघर उघडं नव्हतं. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं साडेआठच्या पुढे, हे आम्ही वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि रडणाऱ्या पोराला घेऊन तिसऱ्या बंद दारासमोर उभं राहणं वेगळं. पहिल्या रात्री मुलं बिस्किटं खाऊन झोपली.

गुरुवारी तोडगा निघाला, तोही अपघाताने. ग्रानादात पेय मागवलं की सोबत खाण्याची छोटी बशी येतेच, तिचे वेगळे पैसे नसतात. ती तापा. ही चाल स्पेनच्या पुष्कळ शहरांतून गेली, इथे टिकून आहे. स्वयंपाकघर बंद असलं तरी बारवर काही ना काही असतंच: ऑलिव्ह, बटाटे, पाव-चीज. शाकाहारी म्हणून आधी सांगावं लागतं, नाहीतर बशीत डुकराचं मांस हमखास. मोठ्यांनी मोस्तो मागवायचा. तो द्राक्षांचा रस, नशा नसलेला, पण येतो वाइनच्या पेल्यात. आईने तो पेला दोनदा हुंगला. "दारू न्हाई ना ही?" मग घोट घेऊन, "गोड हाय गं," आणि दुसरा मागवला.

त्याच बारमध्ये वांग्याचे तळलेले काप आले, वरून काळपट, दाट पाक सोडलेला. बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या, म्हणजे उसाच्या मधातली वांगी. आईने बोट लावून चाटलं आणि तिचा चेहराच बदलला. "अगं, ही काकवी हाय!" होतीच. या भागात ऊस अरबांनी आणला, आणि ग्रानादा प्रांताच्या समुद्रकाठी, मोत्रिलच्या बाजूला, कित्येक शतकं उसाची शेती होती. गुऱ्हाळाशेजारी वाढलेल्या बाईला ते कुणी सांगायची गरज नव्हती. वांग्यावर काकवी सोडायची कल्पना मात्र तिला पटली नाही. "वांगं भाकरीसंगं, काकवी भाकरीसंगं. दोन्ही एकात कशाला?" बोलता बोलता सगळी बशी तिनेच संपवली.

दुसरा बदल म्हणजे झोपेचं वेळापत्रक आम्ही गावाच्या हवाली केलं. दुपारी तीन ते साडेपाच सगळे आडवे, आणि रात्री साडेनऊपर्यंत बाहेर. चौकात स्पॅनिश मुलं त्या वेळी फुटबॉल खेळत असतात आणि आजीआजोबा बाकावर बसून रेफरीचं काम करतात. आमची दोघं त्यात शिरली. भाषेवाचून काही अडलं नाही.

डाळिंबं मोजायचा खेळ

चढाच्या गावात सहा वर्षांच्या मुलीला चालवायचं कसं, याचं उत्तर फूटपाथवरच मिळालं. गाड्या चढू नयेत म्हणून रोवलेल्या लोखंडी खुंट्यांच्या माथ्यावर डाळिंब आहे. एक दिसलं, मग दिसतच गेली. निळ्या-हिरव्या नक्षीच्या चिनी मातीच्या पाट्यांवर, दुकानांतल्या वाडग्यांवर, सरकारी इमारतीवरच्या झेंड्यात. स्पेनच्या राजचिन्हात अगदी तळाला एक छोटं डाळिंब आहे, १४९२ मध्ये जिंकलेल्या या राज्याची खूण म्हणून. गोमेरेझच्या चढावरून अलांब्राकडे जाताना लागतो तो दरवाजाच डाळिंबांचा. पुएर्ता दे लास ग्रानादास, माथ्यावर उकललेली तीन दगडी डाळिंबं, सोळाव्या शतकातली. थोरलीने वहीत रेघा मारायला सुरुवात केली. नियम तिचेच होते: खुंटीचं एक, पाटीचं एक, खरं फळ असेल तर पाच.

खरी फळंही होती, ऑक्टोबर असल्यामुळे झाडावर लगडलेली. एका बागेत आई झाडाखाली थांबली ती हलेचना. "छाटणीच न्हाई केली कुणी. फांद्या सगळ्या आत वळल्यात, ऊन कसं लागणार?" मग तडकलेल्या एका फळाकडे बोट करून, "ताण दिला आन् मग एकदम पाणी सोडलं की असं व्हतंय." जवळच्या माळ्याला हे सगळं समजावून सांगायची तिची इच्छा होती. मी भाषांतर करायला नकार दिला, याची रुखरुख मला अजून आहे.

गुरुवारी सकाळी शाही चॅपल, म्हणजे कापिया रेआल पाहिलं. इसाबेल आणि फेर्नांदो, ग्रानादा जिंकणारे राणी-राजा, इथे पुरलेले आहेत. वर संगमरवरातल्या त्यांच्या निजलेल्या मूर्ती, आणि अरुंद पायऱ्या उतरून खाली गेलं की तळघरात शिशाच्या साध्या, काळ्या पेट्या. जाळीपलीकडे पाच. त्यातली एक लहान. थोरलीने विचारलं, "ही कुणाची?" मिगेलची, राणीच्या नातवाची. पुढे मोठी राज्यं त्याच्याकडे यायची होती, पण १५०० साली, दोन वर्षांचा व्हायच्या आत, तो इथेच ग्रानादात गेला. मी सांगून टाकलं. ती काही बोलली नाही, फक्त धाकट्याचा हात धरला आणि वर येईपर्यंत सोडला नाही. लहान मुलांना अशा जागा दाखवाव्यात की नाही यावर आमचं दोघांचं रात्री बोलणं झालं. माझं मत दाखवाव्यात असंच आहे, पण एका दिवशी एकच.

संध्याकाळी सान निकोलासच्या कट्ट्यावर गेलो. अलांब्राचा आणि मागच्या सिएरा नेव्हादा डोंगरांचा सगळ्यात प्रसिद्ध देखावा इथूनच दिसतो. गिटारवाले, सेल्फीवाले, मुंगीला वाट नाही. कट्ट्याची भिंत ठेंगणी आहे, पलीकडे खोल उतार, आणि तीन वर्षांच्या मुलाला नेमकं त्या भिंतीवरच चढायचं असतं. चार मिनिटांत काढता पाय घेतला. शेजारीच ग्रानादाची नवी मशीद आहे, २००३ मध्ये उघडलेली. तिची बाग सगळ्यांना खुली असते. तोच देखावा, एक कारंजं, आणि निवांतपणा. आई तिथे पाय मोकळे सोडून बसली.

शुक्रवार

आता मूळ प्रकरण.

अलांब्रा ही एक इमारत नाही. टेकडीवरचं तटबंदीचं छोटं शहरच आहे. १२३८ पासून नासरी घराण्याचं. या घराण्याचा शेवटचा सुलतान, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, त्याने २ जानेवारी १४९२ रोजी ते इसाबेल-फेर्नांदोच्या हवाली केलं. तिकीट प्रत्येकाच्या नावाचं असतं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांचंही तिकीट काढावंच लागतं. बाकी बागा आणि किल्ला दिवसभरात केव्हाही बघा. वेळ बांधलेली असते ती फक्त नासरी राजवाड्यांची.

सी-३० ने वर गेलो. बस मुख्य प्रवेशाशी सोडते आणि तो आहे हेनेरालीफेच्या बाजूला. म्हणजे बागा हाताशी आणि राजवाडे टेकडीच्या दुसऱ्या अंगाला. साहजिकच माणूस बागांत आधी शिरतो.

हेनेरालीफे ही सुलतानांची विसाव्याची जागा. टेकडीवर पाणी आलं कुठून, याचं उत्तर म्हणजे असेकिया रेआल, शाही पाट. दारो नदी शहरात टेकडीच्या खूप खालून वाहते, म्हणून सुमारे सहा किलोमीटर वर जाऊन पाणी वळवलं आणि डोंगराच्या कुशीतून, नुसत्या उतारावर, इथवर आणलं. तेराव्या शतकातलं काम. असेकिया हा शब्दही अरबी साकियावरून आलेला. आईला हे सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली. "मग. वरनंच काढाय लागतंय. खालनं कसं चढवतील?"

बागेच्या वरच्या टोकाला पाण्याचा जिना आहे, एस्कालेरा देल आग्वा. लॉरेलच्या झाडांच्या गर्द बोगद्यातून पायऱ्या चढतात आणि दोन्ही बाजूंचे कठडे पोकळ आहेत; कौलं उलटी बसवल्यासारखी पन्हळ, आणि तिच्यातून पाणी खळखळत खाली येतं. कठड्याची उंची तीन वर्षांच्या मुलाच्या छातीएवढी. त्याने आधी एक बोट घातलं. मग पंजा आडवा लावला. पाणी अडलं, फुगलं, मनगटावरून बाहीत शिरलं, आणि त्याने हात काढल्याबरोबर सगळं एका झेपेत खाली पळालं. तो ओरडला. पुन्हा अडवलं. थोरली वर गेली आणि एकेक पान सोडू लागली, हा खाली पकडू लागला. पान वळणावर अडकलं की दोघं धावायची. आई पायरीवर बसली होती. म्हणाली, "बघ, दारं धरतंय पोरगं." आणि त्याला, "हळू सोड रं, वरंबा फुटंल." पाटाच्या पाण्याला वाट करून द्यायची, एक वाफा भरला की दुसऱ्याचं दार उघडायचं, हे तिने आयुष्यभर केलेलं. तिचा नातू ते पहिल्यांदा करत होता, तेही सुलतानाच्या जिन्यावर.

आम्ही तिघंही मोठी माणसं नुसती बघत उभी होतो. घड्याळ बघायचं काम नवऱ्याकडे होतं. त्याने ते बघितलं दहा वाजून एकवीस मिनिटांनी.

तिथून राजवाड्यांपर्यंत मोठ्यांच्या पायांनी पंधरा-वीस मिनिटं. आमच्याकडे ओली बाही, ओले बूट आणि पाण्यापासून तोडलेलं पोर होतं. कपडे बदलायला सहा मिनिटं. तो किंचाळत होता आणि सरूच्या उंच ओळींमधून तो आवाज फार लांब जात होता. खाली ठेवलेली बाबागाडी घेतली, त्याला पट्ट्यात बांधलं, पळालो. आईला पळता येत नव्हतं म्हणून थोरली तिच्याबरोबर मागे. पुलाजवळ रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, शांत झाला. शांत नव्हे, झोपला होता. दाराशी पासपोर्ट मागितले तेव्हा ते बाबागाडीखालच्या पिशवीत, ओल्या कपड्यांच्या तळाशी निघाले.

का घडलं

लोक म्हणतात मुलांना घेऊन गेलं की वेळ जास्त धरावा. आम्ही धरला होता. बागेला दीड तास म्हणजे कमी नाही. चुकलं ते क्रमात. ज्या गोष्टीला वेळ बांधलेली होती तिच्या आधी आम्ही ती गोष्ट ठेवली, जिच्यातून मूल स्वतःहून कधीच बाहेर येणार नाही. पाण्याला शेवट नसतो. राजवाडा बघून होतो, चर्च बघून होतं, वाहतं पाणी बघून होत नाही. त्यामुळे पाणी नेहमी शेवटी ठेवायचं, ज्याच्या पुढे काहीच नाही अशा जागी.

दुसरं कारण प्रवेशाचं. तिकिटं आधीच काढलेली असतील तर मुख्य प्रवेशाने जायची गरज नसते. न्यायाच्या दरवाजाने, पुएर्ता दे ला हुस्तिसियाने, आत गेलं की राजवाडे पाच मिनिटांवर. १३४८ मधला हा दरवाजा मुलांसाठी तर खासच. बाहेरच्या कमानीवर दगडात कोरलेला हात आहे, आतल्या कमानीवर किल्ली. दंतकथा अशी की हा हात ज्या दिवशी किल्लीपर्यंत पोहोचेल त्या दिवशी अलांब्रा कोसळेल. थोरलीने नंतर दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि घाबरायचं कारण नाही असा निर्वाळा दिला.

आणि साडेदहा ही वेळच चुकीची निवडली होती. आमची मुलं साडेसहाला उठतात. सकाळची पहिली वेळ घ्यायला हवी होती. साडेदहाची वेळ बरोबर धाकट्याच्या झोपेच्या तोंडावर येते, हे मला घरी रोज दिसतं. बेत करताना मात्र ते माझ्या डोळ्यांआड गेलं, कारण मी सुट्टीचा बेत करत होते आणि झोप ही रोजची गोष्ट.

धाकटा पाऊण तासाने उठला. शेजारीच पाचव्या कार्लोसचा राजवाडा आहे, १५२७ मध्ये सुरू झालेला. बाहेरून चौकोनी आणि आत प्रचंड गोल अंगण. राजा त्यात कधी राहिला नाही, छपरही विसाव्या शतकात पुरं झालं. आत जायला तिकीट लागत नाही. नाजूक नासरी नक्षीशेजारी हा धोंडा कशाला, असं जाणकार म्हणतात. मीही तसंच समजत होते. पण ते गोल अंगण बघून पोराने चपला काढल्या आणि पळायला लागला. कोपरा नाही, पायरी नाही, हरवायला जागा नाही. अकरा फेऱ्या मारल्या. स्थापत्यावरचं माझं मत तिथल्या तिथे बदललं.

साडेबाराला बाकीचे आले. आई म्हणाली, "भिंती अशा की रुखवताची जाळी. आन् पाणी सगळीकडं, पण आवाज न्हाई." थोरलीकडे सिंहांचा अहवाल होता. सिंहांच्या अंगणात कारंज्याभोवती बारा दगडी सिंह आहेत, भोवती १२४ खांब. मी तिला आधी सांगून ठेवलं होतं की बाराही सिंह हुबेहूब सारखे नाहीत, फरक शोध. खांबांकडे तिने ढुंकूनही बघितलं नव्हतं. "उजवीकडून तिसरा हसतोय," ती म्हणाली. "तू बघायला हवा होतास, आई."

दुपारी मुलं झोपलेली असताना सहज फोनवर बघितलं, तर शनिवारच्या रात्रीच्या भेटीचं एक तिकीट शिल्लक होतं. रात्री नासरी राजवाडे वेगळ्या तिकिटावर बघता येतात. नवऱ्याने वर न बघताच म्हटलं, "काढ."

शनिवार, आणि रविवारची बस

शनिवारी दिवसा काहीच ठरवलं नाही. कार्मेन दे लोस मार्तिरेस नावाची फुकट बाग आहे अलांब्राजवळ, मोर मोकळे फिरतात. तिथे सकाळीच गेलो. आईने बाजारातून दोन डाळिंबं आणली आणि घरी गच्चीवर बसून फोडली. दाणे फिकट गुलाबी, गोड, बी मऊ. तिने चार दाणे चघळले, समोरच्या अलांब्राकडे बघितलं आणि म्हणाली, "रंगाला आपल्या भगवा जातीची सर न्हाई."

रात्री मी एकटी वर गेले. बाबागाडी नाही, पिशवी नाही, हात मोकळे, आणि ते हात कुठे ठेवायचे ते कळेना. मर्टल नावाच्या झुडपांच्या अंगणात पाण्याचा लांब हौद आहे, त्यात समोरचा मनोरा उलटा पडलेला. पाणी दोन्ही टोकांच्या कारंज्यांतून इतकं हळू येतं की प्रतिबिंब मोडत नाही. आदल्या सकाळी जिन्यावर खळखळणारं तेच पाणी, इथे येऊन गप्प झालेलं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मग सिंहांच्या अंगणात गेले आणि उजवीकडून तिसरा शोधायला लागले. तेव्हा लक्षात आलं की सिंह गोलात उभे आहेत. उजवीकडून म्हणजे कुठून उजवीकडून? अंगणाच्या चारही बाजूंनी बघून घेतलं. प्रत्येक बाजूने तिसरा वेगळा, आणि दिव्यांच्या उजेडात सगळेच थोडे थोडे हसल्यासारखे.

रविवारी सकाळी मालागाच्या बसमध्ये थोरलीने विचारलं, "हसत होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग त्याच्या शेजारचा रुसलेला पण दिसला असेल." मी उत्तर द्यायच्या आत तिने खिडकीला नाक लावलं आणि वहीत रेघ मारली. दोनशे अकरा.